‘काढा’ म्हटलं की काढा: तांबी बसवणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
तांबी बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या सर्व डॉक्टर व नर्स मंडळींना

विषय: बसवताना, बसवल्यानंतर आणि काढायच्या वेळी बाईचं ऐकून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तांबीच्या, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात त्या साधनाच्या, विरोधात नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तुमच्यातले निम्मे ‘आल्या अफवा पसरवणाऱ्या’ म्हणून इथेच वाचणं सोडतील. मी बरीच वर्षं तांब्याची, म्हणजे कॉपर टी वापरली, आता हार्मोन सोडणारी वापरते. रोज गोळी आठवायची नाही, ऐन वेळी कुणाची मनधरणी करायची नाही, पाळी दोन दिवस लांबली की कॅलेंडरची पानं उलटत बसायचं नाही. शंभर बायकांमागे वर्षाला जेमतेम एकीला दिवस राहतात, आणि तांबी काढली की मूल व्हायला पुन्हा आडकाठी नाही. अशा साधनाला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या आकडेवारीत जगभरातल्या सुमारे १५ कोटी ९० लाख बायका तांबी वापरत होत्या. एवढ्या सगळ्या जणी उगाच वापरत नसतील.

माझी तक्रार साधनाबद्दल नाही, त्याच्याभोवतीच्या वागण्याबद्दल आहे. गोळी नकोशी झाली तर मी उद्यापासून ती घेत नाही. कुणाला विचारावं लागत नाही. निरोधाचंही तेच. तांबी मात्र बसवायला तुम्ही लागता आणि थांबवायलाही तुम्हीच लागता. म्हणजे या साधनाचा एक भाग आमच्या गर्भपिशवीत असतो आणि दुसरा तुमच्या खुर्चीत बसलेला असतो. हा दुसरा भाग नीट चालला नाही, तर पहिला कितीही उत्तम असला तरी बाई म्हणते, ‘नको ती तांबी.’ आणि तिची मैत्रीण, बहीण, शेजारीण ते ऐकते.

आधी बसवण्याबद्दल बोलू, कारण बहुतेक जणींचं तिथेच बिनसतं.

टेबलावर निजलेल्या बाईला खाली काय चाललंय ते दिसत नाही. तिला छत दिसतं आणि ट्रेमधल्या अवजारांचा खणखणाट ऐकू येतो. आधी आतलं दिसावं म्हणून योनीमार्ग उघडा धरणारं अवजार, स्पेक्युलम, लावतात. ते गार असतं, नको वाटतं, पण तेवढंच. मग पिशवीचं तोंड हलू नये म्हणून ते चिमट्याने पकडतात, आणि बऱ्याच ठिकाणी तो चिमटा टोकदार आकड्यांचा असतो. मग पिशवी किती खोल आहे ते मोजायला आत सळई जाते. शेवटी नळीतून तांबी आत सरकते, तिचे दुमडलेले हात उघडतात, नळी बाहेर येते, धागे कापले जातात. दुखण्याच्या जागा तीन: चिमटा लागतो तेव्हा, सळई आतल्या भिंतीला टेकते तेव्हा, आणि तांबी सुटते तेव्हा. यातली दुसरी कळ मला विचाराल तर सगळ्यात वाईट. पाळीच्या कळेशी तिचं काही नातं नाही. ती ओटीपोटातून पाठीत जाते, पाठीतून मांड्यांत उतरते, तळहाताला घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं आणि आता आपण इथेच आडवे होणार असं वाटतं. आडवे आपण आधीच असतो, हे त्या क्षणी लक्षात येत नाही.

काही जणींना खरोखर चक्कर येते. पिशवीच्या तोंडाला धक्का बसला की नाडी मंदावू शकते आणि रक्तदाब उतरतो, हे तुम्हाला पुस्तकातून माहीत आहे. टेबलावरच्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, आपणच नाजूक, आपणच तमाशा करतोय. घरी जाऊन ती कुणाला सांगतही नाही.

सगळ्यांना असं होत नाही, हेही खरं. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या कितीतरी जणी ‘हे एवढंच?’ म्हणत उठतात. मूल न झालेल्या किंवा फक्त सिझेरियन झालेल्या बायकांना जास्त दुखण्याची शक्यता असते. पण कुणाला किती दुखेल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. मग ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?

याचं उत्तर एका अमेरिकी अभ्यासात थोडंफार मिळतं. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तांबी बसवून घेतलेल्या बायकांनी आपल्या कमाल वेदनेला शंभरपैकी सरासरी सुमारे ६५ गुण दिले. बसवणाऱ्यांनी त्याच बायकांच्या वेदनेला दिले सुमारे ३५. खोली तीच, टेबल तेच, वेळ तीच. तुम्ही दुष्ट आहात असं मी म्हणत नाही. दिवसभर तेच काम करणाऱ्याचे कान सरावतात. पण सरावलेल्या कानांवर विसंबून औषध ठरवायचं नसतं.

‘पिशवीच्या तोंडाला फारशा जाणिवा नसतात’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि ऐकवणारी बाईच होती. मग तो चिमटा लागताच सबंध अंग कशाने आक्रसतं? पिशवीच्या तोंडाच्या आणि माथ्याच्या नसा पाठीच्या कण्यात वेगवेगळ्या ठिकाणी जातात. म्हणूनच तोंडाशी भूल दिली तरी आतली कळ पूर्ण जात नाही. पण कमी होऊ शकते, आणि कमी होणं म्हणजे काही नाही असं कसं म्हणायचं? दाढ काढताना ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणून भूल न देणारा डॉक्टर कुणी पाहिलाय का?

वेदना कमी करायचे उपाय नाहीत असंही नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितलंय की लिडोकेन हे बधिर करणारं औषध, पिशवीच्या तोंडाशी इंजेक्शनने किंवा जेल, क्रीम, स्प्रे अशा रूपात, उपयोगी पडू शकतं; आणि वेदनेबद्दल प्रत्येकीशी आधी बोललं पाहिजे. पुढच्याच वर्षी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दवाखान्यातल्या अशा प्रक्रियांसाठी वेदनाशमनाचे पर्याय बाईसमोर ठेवावेत असं स्पष्ट लिहिलं. उलट, आधी आयब्युप्रोफेनची एक वेदनाशामक गोळी घेऊन या, हा जो सर्रास सल्ला मिळतो, त्याने बसवतानाची कळ कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नंतरच्या मुरड्याला ती गोळी बरी. पिशवीचं तोंड मऊ व्हावं म्हणून देतात ती मिसोप्रोस्टॉलही सरसकट देऊ नये असंच सीडीसी म्हणतं. तिने काही जणींना उलट पोटात जास्त दुखतं. म्हणजे जे मिळतं ते फारसं लागू पडत नाही, आणि जे लागू पडू शकतं ते विचारल्याशिवाय मिळत नाही. कित्येकदा विचारूनही नाही.

आणि भुलेपेक्षाही स्वस्त एक उपाय आहे. त्याला औषध लागत नाही. ‘आता चिमटा लावते’, ‘आता खोली मोजते, ही कळ जोरात येईल, दहा आकडे मोजा’, ‘थांबू का?’ एवढं बोलायचं. माझ्या दुसऱ्या खेपेला एका नर्सने माझा हात धरला नव्हता की गोड बोलली नव्हती. ती फक्त प्रत्येक पायरी आधी सांगत होती, आणि मी ‘थांबा’ म्हटल्यावर डॉक्टरांचा हात खरोखर थांबला. दुखलं तेवढंच दुखलं असेल, पण मी तिथून रडत बाहेर पडले नाही.

बाळंतपणानंतर लगेच बसवायच्या तांबीबद्दल फार लांबण लावत नाही. सोय आहे, पुन्हा हेलपाटा वाचतो, कबूल. पण कळा देणाऱ्या बाईपुढे कागद धरून घेतलेल्या सहीला मी संमती म्हणणार नाही. विचारायचं तर गरोदरपणाच्या तपासण्यांत विचारा. नऊ महिने असतात. आणि अशी लवकर बसवलेली तांबी आपोआप निसटण्याची शक्यता जास्त असते, हे सांगून ठेवा. नाहीतर तांबी आहे या भरवशावर राहिलेल्या बाईला पुढच्या बाळाचीच चाहूल लागते.

आता नंतरचं. कॉपर टी बसवली की पहिले तीन ते सहा महिने पाळी जोरात येते, जास्त दिवस चालते, जास्त दुखते. हार्मोनवालीचं वेगळं: तिच्यात महिनोन्‌महिने थेंब थेंब अंगावरून जात राहतं, नक्की कधी पाळी आली नि कधी संपली तेच कळत नाही, आणि मग हळूहळू सगळंच कमी होतं. वर्षभराने पाचातल्या एकीची पाळी थांबतेसुद्धा. हे तुम्ही आधी नीट सांगितलं तर बाई वाट बघते. नाही सांगितलं, तर पाळी थांबलेली बाई ‘घाण रक्त आत साठतंय’ म्हणून झोप उडवून बसते. तिला कुणी सांगायचं की साठायला आत काही तयारच होत नाही, हार्मोनमुळे आतलं अस्तर पातळ राहतं? ते अर्ध्या मिनिटाचं वाक्य तुमच्याकडूनच यायला हवं.

पण ‘होतं असं सुरुवातीला’ हे वाक्य कुठपर्यंत चालवायचं, यालाही काही मर्यादा आहे. दर दोन तासांनी पॅड बदलणारी, जिना चढताना धाप लागणारी बाई आठव्या महिन्यात तुमच्याकडे येते तेव्हा तिला ‘शरीराला सवय होऊ द्या’ म्हणू नका. तिचं हिमोग्लोबिन बघा. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, त्या सुचवा. कॉपर टी झेपत नसेल तर हार्मोनवालीचा पर्याय सांगा. जड पाळीवर ती उपचार म्हणूनच दिली जाते. दुखणं अंगावर काढायची आम्हाला सवय आहे. त्या सवयीवर उपचार उभे करू नका.

धाग्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. बोटाने चाचपून धागे बघा, असं सांगता. कसं बघायचं ते सांगत नाही. पहिल्यांदा चाचपताना हाताला नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी टणक लागतं, त्याच्यापाशी गळाच्या दोरीसारखं काहीतरी. ते धागे आहेत की दुसरंच काही, या विचाराने मी आंघोळीत किती वेळ घालवला! धागे फार आखूड कापले की टोचतात, नवऱ्याला टोचतात, आणि मग त्याची तक्रार आमच्याच डोक्यावर. थोडे लांब ठेवले तर ते मऊ पडून वळतात. कुठे कापायचे हे दोन शब्दांत विचारलं तर काय बिघडेल?

‘तांबी वर चढून काळजात जाते’ म्हणणाऱ्या बायकांना तुम्ही हसता. मीही हसायचे. पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. हजारात एक-दोन वेळा तांबी पिशवीची भिंत भेदून पोटात जाते, बहुतेक बसवतानाच, आणि ती दुर्बिणीने काढावी लागते. बाळाला अंगावर पाजत असताना बसवली तर हा धोका वाढतो. धागे सापडत नाहीत म्हणून आलेल्या बाईला तुम्ही ‘काही होत नाही’ म्हणून परत पाठवलंत, सोनोग्राफी केली नाहीत, की तुम्ही न दिलेल्या उत्तराच्या जागी काळीज येऊन बसतं. तसंच पाळी चुकल्याचं. तांबी असताना दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिलेच तर गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. ‘तांबी आहे ना, मग काय’ हे उत्तर तिथे जिवावर बेतू शकतं.

बायकांच्या तक्रारी उडवून लावल्या की काय होतं, हे तांबीच्या इतिहासात एकदा मोठ्या प्रमाणात घडून गेलंय. १९७१ मध्ये अमेरिकेत डाल्कन शील्ड नावाची तांबी बाजारात आली. तिचा धागा एकच नव्हता, आवरणाखाली शेकडो बारीक तंतू होते, आणि त्यांच्यातून जंतू वर पिशवीत चढत. बायकांना ताप, पोटात पू, गर्भपात, काहींचा मृत्यू. १९७४ मध्ये विक्री थांबली, पुढे तीन लाखांहून अधिक दावे दाखल झाले आणि १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी मागितली. आजच्या तांबीचा धागा एकेरी आहे, ती भीती आज नाही. पण एका वाईट तांबीने सगळ्या चांगल्या तांब्यांचं नाव तिथे कितीतरी वर्षं बुडालं.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. काढणं.

बसवायला गेलं की आमचं स्वागत असतं. काढायला गेलं की चौकशी सुरू होते. का काढायची? तांबी दहा वर्षं चालते, एवढ्यात? अजून सहा महिने बघा. घरी विचारलंत का? मग दिवस गेले तर आमच्याकडे येऊ नका. ओळखीतल्या एकीला तर ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणून परत पाठवलं. बसवताना नवऱ्याची कुणालाही आठवण झाली नव्हती.

मला कळतं, तुमच्या मनात काय असतं. बऱ्याच ठिकाणी किती बसवल्या याची मोजदाद होते. काढलेली प्रत्येक तांबी कामातली तूट दिसते. शिवाय थोडं थांबली तर हिचा त्रास कमी होईल, असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं. ते सांगा की! एकदा सांगा, नीट सांगा. ती तरीही ‘काढा’ म्हणाली तर काढा, त्याच भेटीत. धागा धरून हलकेच ओढायचं, हात दुमडतात, ती बाहेर येते. बहुतेक वेळा सेकंदांचं काम. कारण विचारायचं तर पुढचं साधन सुचवण्यासाठी विचारा, परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी नको.

मग स्वतःच काढा, असं कुणी म्हणेल. तेही तपासून झालंय. अमेरिकेतच एका अभ्यासात काढायला आलेल्या बायकांना स्वतः प्रयत्न करून बघायला सांगितलं होतं. ज्यांनी केला त्यांतल्या पाचातल्या एकीला जमलं. बाकीच्या चौघी शेवटी दवाखान्यावरच अवलंबून. तुमच्याकडे असलेली सत्ता ही एवढी आहे.

या सत्तेचं टोक जगाने पाहिलंय. १९८० च्या दशकापासून चीनमध्ये पहिल्या मुलानंतर बायकांना सरसकट तांबी बसवली गेली, आणि ती अशी की डॉक्टरशिवाय निघू नये. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलंडमध्ये १९६६ ते १९७० या काळात डॅनिश डॉक्टरांनी तिथल्या मूळ रहिवासी असलेल्या सुमारे ४,५०० इनुइट बायका आणि मुलींना तांबी बसवली. अनेकींना विचारलं नव्हतं, काही तर शाळकरी मुली होत्या, आणि काहींना आपल्या पोटात काय आहे हे कितीतरी वर्षांनी कळलं. डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी त्याबद्दल माफी मागायला २०२५ साल उजाडलं. तुम्ही म्हणाल, कुठे ते आणि कुठे आमचं ‘अजून थोडं थांबा’. फरक मोठा आहे, मान्य. पण काढायला सांगूनही न काढलेली तांबी ही त्या दिवसापुरती तिच्या मर्जीविरुद्ध बसवलेली तांबी असते. त्या दिवसाला दुसरं नाव मला सुचत नाही.

ज्या डॉक्टर हे सगळं आधीपासूनच करतात त्यांना हे पत्र वाचून राग येईल. येऊ दे. तुमच्याकडे आलेल्या बायका तांबीची तक्रार करत नाहीत, उलट दुसऱ्या चार जणींना तुमच्याकडे पाठवतात. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत कॉपर टी बसवली तर त्या वेळची गर्भधारणाही टळते, हे मला अशाच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते मी पुढे किती जणींना सांगितलं असेल. विश्वास बसला की आम्ही तुमचा प्रचार फुकटात करतो.

माझ्या तांबीची मुदत संपत आलीय. बदलून घ्यायचीच आहे. यायच्या आधी मी फोन करून दोनच गोष्टी विचारणार आहे: भूल देता का, आणि मध्येच ‘थांबा’ म्हटलं तर थांबाल का. उत्तर ‘नाही’ असेल तर फोनवरच स्पष्ट सांगा, म्हणजे मला दुसरा दवाखाना शोधायला वेळ मिळेल.

आपली,
तांबी वापरणारी एक बाई